नऊ फुटांचा बोळ

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत, दोन घरांच्या मध्ये एक बोळ आहे. रुंदी नऊ फूट, लांबी साठ-पासष्ट फूट. उत्तरेचे घर धान्याच्या आडतदारांचे, दक्षिणेचे कापडाच्या व्यापाऱ्यांचे. दोन्ही घरे मुळात एकाच वाड्याचे भाग. वाड्याच्या मालकाने तो दोन तुकड्यांत विकला आणि मारवाडातून येऊन या भागात स्थिरावलेल्या दोन ओसवाल कुटुंबांनी ते तुकडे घेतले. कापडवाल्यांच्या घराचा रस्त्याकडील सारा भाग दुकानाने व्यापलेला असल्यामुळे त्यांच्या राहत्या घराचे दार बोळात उघडते. बोळाच्या आतल्या टोकाला आडतदारांचे परसू आणि त्यात एक पडका गोठा. रिकामे बारदान आणि मोडका तराजू याखेरीज त्यात बरीच वर्षे काही नव्हते.

हा बोळ कोणाचा, असे तीन पिढ्यांत कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे कारणच पडले नाही. बैलगाडी आली, पोती उतरली, गाडी गेली. उन्हाळ्यात दोन्ही घरच्या बायका त्याच बोळात खाटा टाकून पापड वाळवीत, आणि कोणते पापड कोणाचे हे वाळून झाल्यावर मोजून ठरे. मोटार आली तेव्हा गोष्ट पालटली. बैलगाडी बोळात येई ती कामापुरती. मोटार येते ती मुक्कामाला.

आडतदारांच्या थोरल्या मुलाने गाडी घेतली आणि ती बोळात लावू लागला. गाडीची रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास. उत्तरेच्या भिंतीला अगदी चिकटवून लावली तरी दक्षिणेला तीन फुटांहून थोडी अधिक वाट उरे. माणूस जाई, स्कूटर काढताना आरसा घासे. कापडवाल्यांच्या दोन स्कूटरीही बोळातच उभ्या असत, त्यामुळे त्यांनाही फार बोलता येत नसे. कुरबुर होती, भांडण नव्हते.

भांडणाला मुहूर्त मिळाला तो संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशीचा. कापडवाल्यांच्या सुनेने पर्युषणात अठाई केली होती. महासतीजी गोचरीला याव्यात, त्यांना वहोरावून मगच आपण पारणे करावे, ही तिची भावना. साधू-साध्वी सांगून येत नाहीत आणि त्यांना ठरवून बोलावताही येत नाही. दार उघडे ठेवून वाट पाहणे एवढेच गृहस्थाच्या हाती. त्या सकाळी महासतीजी खरोखरच पेठेत आल्या, बोळाच्या तोंडाशी आल्या, क्षणभर थांबल्या आणि मागे वळल्या. बोळात नुकतीच गाडी धुतली होती. उरलेल्या तीन फुटांत नळाचे पाणी साचले होते आणि सचित्त पाण्यावर पाय ठेवून त्या पुढे येऊ शकत नव्हत्या. सून दारात उभी राहून हे पाहत होती.

आडतदारांच्या घरी कोणाला याची वार्ताही नव्हती. मुलाने गाडी धुतली होती ती नातेवाइकांकडे क्षमापनेला जायचे होते म्हणून. आदल्याच संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमणानंतर दोन्ही घरच्या कर्त्या पुरुषांनी हात जोडून एकमेकांना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले होते.

कापडव्यापारी दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडावर पाटी लागली : ‘सामाईक बोळ. वाहन लावू नये.’ आडतदारांनी पाटी वाचली आणि घरातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढून आणला. त्यात बोळाचे क्षेत्र त्यांच्याच नगर भूमापन क्रमांकात धरलेले होते. पाटी उतरली. एका रात्री बोळाच्या तोंडाशी सिमेंटमध्ये लोखंडी खुंट उभा राहिला. पुढच्या रात्री आडतीचा टेम्पो त्या खुंटाला खेटून असा उभा राहिला, की कापडवाल्यांच्या स्कूटरी आतल्या आत अडकल्या. पोलिसांत तक्रार झाली. तिथे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेऊन, बाब दिवाणी आहे, न्यायालयात जा, असे सांगण्यात आले. मग दोन वकिलांच्या दोन नोटिसा. पहिलीत ‘आमच्या अशिलाच्या पिढीजात वहिवाटीस’, दुसरीत ‘आमच्या अशिलाच्या निर्वेध मालकीस’. दोन्ही घरांतली पाचवीतली दोन मुले एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत. ती वेगळ्या बाकांवर बसू लागली. कोणी तसे सांगितले नव्हते.

पापड त्या उन्हाळ्यात दोन गच्च्यांवर वाळले.

कर्मग्रंथांत कषायांच्या मुदती सांगितल्या आहेत आणि त्या व्यापाऱ्याला सहज समजाव्यात इतक्या हिशेबी आहेत. पंधरवड्यात निवणारा क्रोध संज्वलन; तो पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा. चार महिने टिकणारा प्रत्याख्यानावरण, वाळूतील रेघेसारखा. वर्षभर टिकणारा अप्रत्याख्यानावरण, भुईला पडलेल्या भेगेसारखा. त्याहून पुढे जन्मभर चालणारा तो अनंतानुबंधी, डोंगराच्या कड्याला पडलेल्या चिरेसारखा. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी ही प्रतिक्रमणे याच मुदतींना धरून येतात. संवत्सरीची क्षमापना म्हणजे या अर्थाने अखेरची तारीख. ती उलटली की सम्यक्त्वावरच आच येते. पेठेतल्या या भांडणाने पक्खी ओलांडली, चौमासी ओलांडली. पुढचा चातुर्मास बसला तेव्हा संवत्सरीला जेमतेम दीड महिना उरला होता, आणि दाव्याचा मसुदा वकिलाकडे तयार होता.

संघातले एक वृद्ध गृहस्थ याच सुमारास मध्ये पडले. त्यांची सारी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलेली; खरेदीखते वाचणे हा त्यांचा हातचा मळ. दोन्ही घरे त्यांना काकाजी म्हणत. समजुतीच्या गोष्टी सांगायला आलेले लोक याआधी चार-पाच झाले होते. ‘शेजारधर्म’, ‘आपण जैन’, ‘लोक हसतील’ असे बोलून आणि चहा पिऊन ते गेले होते. काकाजींनी तसले काही केले नाही. त्यांनी कोणाची बाजू ऐकून घेण्यासही नकार दिला. “आधी कागद, मग कैफियत,” एवढेच ते म्हणाले. दोन्ही घरची मूळ खरेदीखते, मिळकत पत्रिका नकाशासह, आणि दोघांच्या संयुक्त अर्जावरून झालेली हद्द कायम मोजणी. हे हाती येईपर्यंत बैठक नाही. टेम्पो आणि खुंट दोन्ही तोवर हलवावे, आणि हलवले म्हणून कोणी हक्क सोडला असे समजू नये, हे मात्र त्यांनी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. हा साधा कागद फार उपयोगी ठरला. माघार घेणे दोघांनाही जड जात होते ते नऊ फुटांसाठी नव्हे. माघारीचा उद्या पुरावा होईल, या धास्तीने.

मूळ खरेदीखत आडतदारांच्या घरात सापडेना. पेटीत होती ती बँकेकडून सुटून आलेल्या गहाणाची कागदपत्रे. काकाजींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक दोनचा शोध घेऊन दोन्ही दस्तांच्या नकला काढल्या. जुन्या घरांच्या मालकांनी हे काम भांडण नसतानाच करून ठेवावे, अशी त्यांची नेहमीची तक्रार असते. घर घेताना लोक क्षेत्र वाचतात, किंमत वाचतात आणि चतुःसीमा ओलांडून सहीकडे जातात. तंटे मात्र चतुःसीमेतच दडलेले असतात.

नकला आल्या तेव्हा दोन्ही घरांना थोडे वरमावे लागले. कापडवाल्यांच्या दस्तात उत्तरेची सीमा ‘सामाईक वहिवाटीचा बोळ’ अशी होती. त्यांनी आजवर त्यातला ‘सामाईक’ शब्द वाचला होता. तो शब्द वहिवाटीला लागतो, मालकीला लागत नाही, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. आडतदारांच्या दस्ताने बोळाची जागा त्यांच्याच तुकड्यात दिली होती, म्हणजे मिळकत पत्रिका खोटे बोलत नव्हती. पण त्याच दस्तात पुढे, पान उलटल्यावर, मालकाने दक्षिणेकडील भागासाठी त्या बोळातून ‘पायी व गाडीने येण्याजाण्याचा हक्क’ कायमचा राखून ठेवला होता. हे पान आडतदारांच्या घरी कोणी पाहिले असेल, तर ते आजोबांनी.

मिळकत पत्रिका हा मालकीचा अखेरचा शब्द, अशी पेठेत सर्वत्र समजूत आहे. ती पुरती खरी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अधिकार-अभिलेखातील नोंद खरी धरून चालतात, परंतु ती विरुद्ध पुराव्याने खोडता येते. आणि मालकी जन्माला येते ती खरेदीखत, वाटणी, वारसा यांतून. शिवाय मालकी आणि वहिवाट एकाच जागेवर दोन वेगळ्या घरांच्या असू शकतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा मुख्यतः याच विषयाचा आहे. आपल्या घराच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जागेवर काही करण्याचा हक्क म्हणजे सुविधाधिकार. तो दस्ताने मिळतो, घराला दुसरी वाटच नसल्यास गरजेने मिळतो, आणि वीस वर्षे शांततेने, उघडपणे, खंड न पडता, हक्क म्हणून वापर केल्यानेही मिळतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द त्यात कळीचे. परवानगीने केलेला वापर, मग तो पन्नास वर्षांचा का असेना, हक्क होत नाही; ती नुसती अनुज्ञा, आणि बहुधा देणाऱ्याला ती परत घेता येते.

कापडवाल्यांच्या स्कूटरी या परवानगीतल्या होत्या. पहिली स्कूटर आली तेव्हा आडतदारांच्या वडिलांनीच “आत लावत जा, बाहेर चोरीला जाईल” म्हटले होते. पण हे सिद्ध कोण करणार? म्हणणारे गेले, ऐकणारेही गेले. उदार शेजाऱ्याला कायदा थोडा महागात पडतो तो असा. जो अडवतो त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि जो हसून वाट देतो त्याच्या मुलाला पुढे ती वाट कृपेने दिली होती हे शाबीत करावे लागते. म्हणून चार ओळींची चिठ्ठी लिहून ठेवण्यात संकोच नसावा. उधारीच्या वहीत सख्ख्या मेहुण्याचेही नाव आपण लिहितोच.

उलट बाजूस आडतदारांची मालकी खरी असली, तरी बोळावर राखीव हक्काचा बोजा होता आणि त्या हक्काला अडथळा होईल असा वापर मालकालाही करता येत नाही. येण्याजाण्याच्या हक्कात वाहन उभे करण्याचा हक्क सहसा येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणजे खुंट ठोकणे चूक होते आणि टेम्पो आडवा लावणे त्याहून चूक. गाडी लावणे मालकाच्या अधिकारातले होते, पण वाट मोकळी राहील एवढ्याच मर्यादेत. आता ‘गाडीने’ या शब्दाचा प्रश्न उरला. दस्तातली गाडी बैलांची. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही, असे त्याच कायद्याच्या २८व्या कलमात आहे. बैलगाडीच्या हक्कात मोटार बसते की नाही, यावर दोन हुशार वकील दहा वर्षे काढू शकतील आणि दोघांचीही घरे त्यावर चालतील. काकाजींनी हे बैठकीत सांगितले तेव्हा दोन्ही शेठ पहिल्यांदा एकाच वेळी हसले.

मोजणी झाली. भूमी अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक आले, खुणा झाल्या, पुढे नकाशाची ‘क’ प्रत हाती आली. तिने आणखी एक गंमत उघड केली. बोळ तोंडाशी पुरता नऊ फूट. मध्ये मात्र कापडवाल्यांचा ओटा बोळाच्या जागेत पुरा फूटभर आला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेला. आडतदारांच्या मुलाने तिथल्या तिथे ओटा पाडण्याची भाषा केली. कापडवाल्यांचा मुलगा बारा वर्षांवरच्या कब्जाची भाषा बोलला. प्रतिकूल कब्जाचा नियम त्याला भांडणाच्या वर्षात पाठ झाला होता. बैठक मोडते की काय, असे झाले.

त्या ओट्यावर कापडवाल्यांच्या मातोश्री रोज सकाळी सामायिकाला बसत. वय ऐंशीच्या पुढे. घरात सर्व त्यांना बाई म्हणतात. बारा व्रते घेतलेल्या. परिग्रहाचे परिमाण त्यांनी एका लाल वहीत लिहून ठेवले होते : सोने इतके, साड्या इतक्या, धान्य इतके, वास्तू दोन, एक राहते घर आणि एक दुकान. बोळ आपलाच आहे, असे मुलाने भांडणाच्या सुरुवातीला त्यांना सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. मोजणीच्या संध्याकाळी त्यांनी नातीला वही आणायला सांगितली आणि मुलापुढे ठेवली.

“यात बोळ कुठे आहे ते दाखव.”

“बाई, बोळ म्हणजे घरातच आला तो.”

“मी घर लिहिले तेव्हा बोळ धरला नव्हता. आता तू तो घरात घेतोस. मग माझ्या व्रताचे काय झाले ते सांग.”

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त या व्रताचे अतिचार सांगताना हीच युक्ती पकडली आहे. घर एकच ठेवीन, असा नियम घेतलेला श्रावक शेजारचे घर घेतो, मधली भिंत पाडतो आणि म्हणतो, घर अजून एकच आहे. याला त्यांनी ‘योजन’, म्हणजे जोडणे, असे नाव दिले आहे. व्रताची संख्या शाबूत आणि व्रत गेलेले. आठशे वर्षांपूर्वीचे व्यापारीही हिशेबात काही कमी नव्हते, असे दिसते. ओट्याचा एक फूट हे याच जातीचे जोडणे होते. बाईंनी त्याला अदत्तादानही म्हटले. जे कोणी दिले नाही, त्यावर आपण तीस वर्षे बसलो.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः ओलांडून आडतदारांच्या घरी गेल्या. जवळजवळ वर्षाने. ओटा पाडायचा असेल तर पाडा, एवढे सांगायलाच त्या गेल्या होत्या. आडतदारांच्या पत्नीने त्यांना बसवले, आणि बोलता बोलता पारण्याच्या त्या सकाळची गोष्ट निघाली. महासतीजी बोळाच्या तोंडावरून परतल्या, सुनेने दुपारी डोळे पुसत पारणे केले, हे आडतदारांच्या घरात प्रथमच कळले. वर्षभर नोटिसा गेल्या-आल्या, त्यांत मालकी होती, वहिवाट होती, नुकसानभरपाईही होती. पाण्याचा उल्लेख एकाही कागदात नव्हता. आडतदारांच्या मुलाला त्याच्या आईने आत बोलावले. तो बराच वेळ उभा राहिला आणि मग बाईंना म्हणाला, “काकीजी, मला कोणी सांगितलेच नाही.” बाई म्हणाल्या, “आमच्याकडून कोणी सांगायला आलेच नाही, बेटा.”

यापुढचे काम सोपे होते असे नाही, पण ते काम होते. चार बैठका झाल्या; दोन्ही घरच्या सुना त्यांत बसाव्यात असा काकाजींचा आग्रह होता, कारण बोळ दिवसभर वापरतात त्या. ठरले ते असे. बोळाची मालकी आडतदारांची, हे कापडवाल्यांनी मान्य केले. ‘गाडीने’ या शब्दात मोटार, स्कूटर आणि रुग्णवाहिका येते, हे आडतदारांनी मान्य केले. बोळात कोणीही वाहन मुक्कामाला लावायचे नाही. माल उतरवण्यासाठी आडतीचा टेम्पो सकाळी साडेनऊच्या आत, अर्ध्या तासापुरता, किल्ली जवळ असलेल्या माणसासह. पडका गोठा पाडून आडतदारांनी परसात गाडीची जागा करायची. पाडण्याचा निम्मा खर्च कापडवाल्यांचा, आणि त्या बदल्यात परसाच्या कोपऱ्यात त्यांच्या दोन स्कूटरींना जागा. ही जागा परवानगीने, दर वर्षाने नवी करायची. हक्क म्हणून नव्हे. हे वाक्य कापडवाल्यांनीच घालायला लावले. गाडी परसातच धुवायची आणि पाणी बोळात येऊ द्यायचे नाही. लग्नकार्यात तीन दिवस आधी सांगून सवलत. आणि दोहोंपैकी कोणी घर विकले तरी वाटेचा हक्क घराबरोबर जाईल, व्यक्तीबरोबर नाही.

निम्म्या खर्चावरून तिसरी बैठक गाजली. गोठा आडतदारांचा, मग पैसे आम्ही का द्यायचे, हा कापडवाल्यांच्या मुलाचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. काकाजींनी त्याला दाव्याचा हिशेब मांडायला सांगितला : न्यायालयीन शुल्क, वकील, तारखेच्या दिवशी बंद राहिलेला गल्ला, आणि अपील. त्याने कागदावर आकडे मांडले, बेरीज केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. गोठ्याचा खर्च त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नव्हता.

ओट्याचे काय करायचे, हे सर्वांत शेवटी निघाले. आडतदारांनी तो पाडू नये असे सांगितले. पण बाईंच्या समाधानासाठी दस्तात एक कलम पडले : ओट्याखालची फूटभर जागा आडतदारांची असून, ओटा त्यांच्या संमतीने आहे.

असा करार मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून कपाटात ठेवला की झाले, असे पुष्कळांना वाटते. स्थावर मिळकतीत शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीचा हक्क निर्माण करणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदवावाच लागतो. न नोंदवलेला दस्त ऐन वेळी त्या हक्काचा पुरावा म्हणून चालत नाही. दुसरा मार्ग लोकअदालतीचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली दावा दाखल होण्यापूर्वीचे तंटेही तेथे नेता येतात. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. तेथे तडजोडीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि दावा आधी दाखल असल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. काकाजींनी नोंदणीचा मार्ग घेतला, कारण दोन्ही घरे ऐकायला तयार होती आणि कार्यालयाचे दार त्यांच्या पायाखालचे. दस्ताला मोजणीचा नकाशा जोडला. बोळ पिवळ्या रंगाने, परसातली स्कूटरींची जागा हिरव्या रंगाने. सह्या कर्त्या पुरुषांच्या, त्यांच्या पत्नींच्या आणि सज्ञान मुलांच्याही. मुलांच्या सह्यांवर काकाजी अडून बसले होते. मान्यता देणाऱ्याच्या माघारी तिचा विसर पडतो, हे त्यांनी नोकरीत पाहिले होते.

संवत्सरीला आठ दिवस असताना नोंदणी झाली. गोठा पाडायला मात्र दिवाळी उजाडली, आणि मधल्या काळात गाडी रस्त्यावर लावावी लागल्याने तिला एक दुचाकी घासून गेली. त्यावरून आडतदारांच्या मुलाने दोन दिवस तोंड फुगवले होते. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी महासतीजी त्या बोळात आल्या की नाही, हे विचारणाऱ्याला दोन्ही घरांतून वेगवेगळी उत्तरे मिळतात. त्या वर्षी सुनेने तेला केला होता आणि पारण्याच्या सकाळी कापडवाल्यांच्या दारात आडतदारांच्या पत्नीही उभ्या होत्या, एवढे खरे.

लाल वहीत नातीच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे : ‘बोळ : आपला नाही. येण्याजाण्यापुरता.’

दस्तात एक गोष्ट घालायची राहून गेली. कापडवाल्यांच्या पत्र्याच्या पागोळ्या पावसाळ्यात आडतदारांच्या बोळात पडतात आणि तेथून परसात शिरतात. पन्हळ कोणी लावायची, तिचे तोंड कोणीकडे ठेवायचे आणि खर्च कोणाचा, याची चर्चा सध्या त्याच ओट्यावर बसून चालू आहे. काकाजींना अजून बोलावलेले नाही.